वऱ्हाडचा कापूस आणि विद्येची देवघेव

हल्ली वर्तमानपत्र उघडले की महिन्यातून एकदा तरी एक ठरावीक छायाचित्र दृष्टीस पडते. मध्ये कुलगुरू, शेजारी एखाद्या कंपनीचे बडे अधिकारी, समोर दोन फायली, आणि दोघेही सह्या करीत आहेत. खाली मजकूर असतो की, विद्यापीठ आणि उद्योग यांच्यात ज्ञान व कौशल्य यांची देवाणघेवाण करण्याचा करार झाला. वाचणाऱ्याला वाटते, ही काहीतरी आजची नवलाई आहे. आपल्या आजोबांच्या काळी विद्या एका बाजूला होती आणि धंदा दुसऱ्या बाजूला, आणि आता कुठे त्यांची सोयरीक जुळते आहे.

ही समजूत बरोबर नाही, असे आज मला सांगावयाचे आहे. निदान वऱ्हाडात तरी ही सोयरीक दीडशे वर्षांची आहे. तिचा इतिहास अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा या आपल्याच गावांत घडलेला आहे, आणि तो लिहिला गेला तो कापसाच्या पानांवर. तो नीट वाचला तर आजच्या करारांकडे कसे पाहावे, हेही थोडेफार समजते. मी प्राध्यापक नाही. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात काम करीत करीत युनियनचा कार्यकर्ता झालो, आणि वाचनालयात बसून जे वाचले तेवढीच माझी विद्या. तेव्हा माझ्या सांगण्यात कारखान्याची धूळ थोडी उडणारच. ती आपण सहन करावी.

प्रारंभ १८५३ पासून करावा लागतो. त्या वर्षीच्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले. आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडून येणारा कापूस बंद झाला. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानावर वळली. कापसाचे भाव असे चढले की जुनी माणसे त्या दिवसांच्या गोष्टी पुढे दोन पिढ्या सांगत होती. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले, तोही इतिहासच. पण तेवढ्या अवधीत एक गोष्ट पक्की झाली होती, ती म्हणजे वऱ्हाडच्या काळ्या मातीचे नाव जगाच्या बाजारात गेले. १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० साली खामगावचा फाटा झाला आणि त्याच्या उद्घाटनास स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एका बाजारगावाच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून कापसाची महती ध्यानी यावी.

याच सुमारास सरकारने मध्यप्रांत व वऱ्हाडसाठी एक कापूस-कमिशनर नेमला होता, हॅरी रिव्हेट-कार्नॅक या नावाचा. त्याचे काम काय, तर मँचेस्टरला जसा कापूस हवा तसा इथे पिकवून घेणे. हिंगणघाटकडचा ‘बनी’ नावाचा कापूस लांब आणि मऊ धाग्याचा म्हणून नावाजलेला होता. त्याचे निवडक बी वऱ्हाडात पसरावे, भेसळ थांबावी, रुई स्वच्छ यावी, असे प्रयत्न झाले. आपल्या भागात विद्यापीठ नव्हते. मुंबईचे विद्यापीठ १८५७ चे, आणि ते परीक्षा घेणारे. तेव्हा विद्यापीठाचे काम सरकारी खात्याने केले आणि व्यापाऱ्याची गरज शेतापर्यंत नेली, असे म्हणता येईल. देवघेवीचा हा पहिला प्रयोग.

तो फसला. बनी मागे पडली आणि तिच्या जागी ‘जरी’ नावाचा आखूड, जाड धाग्याचा कापूस वऱ्हाडभर पसरला. याचे खापर त्या काळच्या कागदपत्रांत बहुधा कास्तकाराच्या अडाणीपणावर आणि व्यापाऱ्याच्या लबाडीवर फोडलेले असते. लबाडी नव्हती असे मी म्हणणार नाही. परंतु अडाणीपणाचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. जरीचे झाड काटक होते, पीक जास्त देत होते, आणि मणभर कापसातून रुईही जास्त निघत होती. बनीला मेहनत जास्त आणि उतारा कमी. लांब धाग्याबद्दल बाजारात चार पैसे जास्त मिळाले असते तर गोष्ट वेगळी होती. पण बाजारात सगळा कापूस एकाच ढिगात पडत असे. शिवाय पुढे जपानच्या आणि युरोपच्या काही गिरण्या आखूड धाग्याचाच माल मागू लागल्या. मग कास्तकाराने कोणत्या हिशेबाने बनी पेरावी?

इथे दोन प्रकारचे ज्ञान समोरासमोर उभे होते. धागा लांब असावा हे गिरणीवाल्याचे ज्ञान. लहरी पावसात कोणते झाड तग धरते आणि घरात चार पैसे कशाने येतात, हे कास्तकाराचे ज्ञान. पहिले छापले गेले, दुसरे छापले गेले नाही. म्हणून पहिल्याला शास्त्र म्हणण्यात आले आणि दुसऱ्याला हट्ट.

बाजाराच्या व्यवस्थेतही हेच दिसते. १८८६ साली कारंजा येथे हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने कापसाच्या बाजाराला नियम लागले. १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. हिंदुस्थानात इतरत्र नियंत्रित बाजार निघाले, त्यांनी वऱ्हाडचा हा कित्ता पुढे ठेवला. ही आपल्याला भूषणास्पद गोष्ट आहे. परंतु त्या कायद्याखाली ज्या बाजारसमित्या बनल्या, त्यांत व्यापारी होते, नगरपालिकेचे सभासद होते, पण ज्याचा माल त्या बाजारात विकला जात होता त्या कास्तकाराला हक्काची जागा नव्हती. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने या उणिवेवर बोट ठेवले. पंगत मांडली, वाढपी उभे राहिले, आणि ज्याच्या शेतातले धान्य शिजले त्याचेच पान मांडायचे राहिले, असा हा प्रकार. ही पंगत आपण ध्यानात ठेवावी. पुढच्या सगळ्या गोष्टीत ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

आता दुसऱ्या बाजूने, म्हणजे धंद्याच्या बाजूने पाहू. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस जिथे पिकतो तिथेच गिरणी घालावी, हा त्यांचा विचार. लँकेशायरमध्ये रिंग-चात्यांविषयी लोक साशंक असताना त्यांनी त्या आपल्या गिरणीत लावून पाहिल्या. मालक स्वतःच प्रयोग करणारा निघाला की कारखाना हीच शाळा होते. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाले, त्यालाही गिरणीमालकांच्या देणग्यांचा मोठा आधार होता. गिरणीला विलायतेहून विणकर-मास्तर आणि यंत्र-मास्तर आणावे लागत. ते पगार डोईजड होते. आपली मुले शिकली तर स्वस्त पडतील, असा सरळ व्यवहार त्यामागे होता. व्यवहार होता म्हणून ते काम हलके ठरत नाही. त्या शाळेतून पिढ्यान्‌पिढ्या तंत्रज्ञ निघाले.

वऱ्हाडात मात्र गिरण्या थोड्या आणि जीन फार. अचलपूर, बडनेरा, अकोला येथे गिरण्या झाल्या. पण रेचे आणि प्रेस गावोगाव. आमच्या भागाला कापसाची सरकी काढून गाठी बांधून द्यायच्या, एवढेच काम आले. सूत दुसरीकडे, कापड तिसरीकडे, आणि नफा चौथीकडे. विद्यादेखील गाठींच्या मागोमाग मुंबईला जात होती.

या शतकी वाटचालीत खरीखुरी देवघेव सुरू झाली ती विसाव्या शतकात, आणि तिच्यात अकोल्याचा वाटा मोठा आहे. अकोल्याच्या सरकारी शेतावर कापसाच्या निवडीचे प्रयोग चालू झाले. तिथून ‘रोझियम’ नावाचे पांढऱ्या फुलाचे वाण पुढे आले. धागा आखूड, पण झाड काटक, आणि शंभर भाग कापसातून चाळीसच्या आसपास रुई देणारे. कास्तकारांनी ते हातोहात उचलले. या वेळी शास्त्रज्ञांनी कास्तकाराचे गणित आधी वाचले होते. पण गिरणीवाले नाराज झाले, कारण वऱ्हाडचा कापूस आणखी आखूड झाला. म्हणजे एकाचे भले केले की दुसऱ्याचे बिनसते. मग दोघांना एके ठिकाणी बसविल्याशिवाय मार्ग नव्हता.

हे बसविण्याचे काम १९२१ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती कापूस समितीने, म्हणजे इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने केले. १९२३ साली कायदा होऊन कापसाच्या गाठीवर आण्यांच्या हिशेबाने एक लहानसा उपकर बसला आणि त्या पैशातून संशोधन चालू झाले. समितीत शेतकी खात्याचे अधिकारी होते, गिरणीमालक होते, व्यापारी होते, जीनवाले होते, आणि कास्तकारांचे काही प्रतिनिधीही होते. १९२४ साली मुंबईत माटुंग्याला तिची प्रयोगशाळा निघाली. तिथे काय चाले, हे थोडे तपशिलाने सांगण्यासारखे आहे.

कापसाची परीक्षा पूर्वी बोटांनी होत असे. व्यापारी चिमूटभर रुई घेई, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढी, आणि धाग्याची लांबी सांगे. कसबी माणसाचा अंदाज सहसा चुकत नसे, पण तो अंदाज त्याच्याच खिशात राही. माटुंग्याला ठराविक उष्णता व ठराविक दमटपणा राखलेल्या खोलीत कापसाच्या लहानशा नमुन्याचे खरोखरीचे सूत काढून पाहू लागले. सुताचा नंबर म्हणजे काय, तर एक पौंड सुतात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. वीस लडी बसल्या तर वीस नंबर. आता अकोल्याच्या किंवा नागपूरच्या शेतावर एखादे नवे झाड निवडले की त्याची मूठभर रुई माटुंग्याला जाई, आणि उत्तर येई की याचे सूत अमुक नंबरापर्यंत टिकते. शेतावरच्या माणसाला पाच-दहा वर्षांची मेहनत वाया जाण्यापूर्वी कळू लागले की गिरणीत हा माल चालेल की नाही. धागा बरा आणि उताराही बरा, शिवाय मर रोगापुढे टिकणारे, असे वाण शोधण्याची धडपड सुरू झाली आणि ‘व्हेरम’ नावाची वाणे वऱ्हाड-नागपुरात पसरली ती याच काळात.

ज्याला देवघेव म्हणावे ती ही. शेत प्रयोगशाळेला विचारते, प्रयोगशाळा गिरणीला विचारते, आणि खर्च प्रत्येक गाठीवर थोडाथोडा पडतो. पण हा उपकर शेवटी कोणाच्या खिशातून जात होता? बाजाराची रीत अशी आहे की गाठीवर पडलेला बोजा खाली खाली सरकत कास्तकाराच्या भावात आणि जिनातल्या मजुरीत येऊन थांबतो. कास्तकाराला त्या समितीत निदान काही जागा तरी होत्या. ज्या बाया दिवसभर रेच्यात कापूस टाकीत, जे हमाल प्रेसमध्ये गाठ दाबीत, त्यांचे पान या पंगतीतही मांडलेले नव्हते. ही समिती १९६६ साली बरखास्त झाली. तिची प्रयोगशाळा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे गेली आणि आजही ती ‘सिरकॉट’ या नावाने काम करते.

आता विद्यापीठाकडे येऊ. नागपूर विद्यापीठ १९२३ साली निघाले आणि पुढे वऱ्हाडची महाविद्यालये त्याच्या छायेत आली. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० साली वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात सुमारे पस्तीस लाख रुपये या विद्यापीठाला दिलेले निघाले. त्या वेळचे पस्तीस लाख! आणि अट अशी की हा पैसा उपयोजित विज्ञान व रसायन यांच्या शिक्षणासाठी लागावा. त्यातून १९४२ साली नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. २०२३ साली तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथला तेलतंत्राचा विभाग वऱ्हाडच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा. सरकी ही आपल्याकडे मुख्यतः गुरांच्या पुढ्यात जाणारी वस्तू. तिच्यात तेल आहे, पण त्या तेलाबरोबर गॉसिपॉल नावाचे अपायकारक द्रव्यही येते. ते काढून तेल शुद्ध कसे करावे, हे पुस्तकाचे आणि घाणीचे, दोन्हींचे काम आहे. एका व्यापाऱ्याच्या दानातून ही विद्या आपल्या दारी आली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

परंतु दानाची विद्या आणि हक्काची विद्या यांत फरक आहे. हक्काच्या विद्येची भाषा आपल्याकडे ठामपणे बोलली ती डॉ. पंजाबराव देशमुखांनी. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकून आला आणि त्याने अमरावतीत श्रीशिवाजी शिक्षण संस्था काढली. पुढे ते केंद्रात कृषिमंत्री झाले. १९६५ साली ते गेले. कास्तकाराच्या मुलाने शिकावे हे तर खरेच, पण शिक्षणानेही कास्तकाराकडे यावे, हा त्यांचा आग्रह. विदर्भाला कृषी विद्यापीठ मिळावे म्हणून १९६७ साली लोक रस्त्यावर उतरले, आणि अकोल्याच्या त्या आंदोलनात माणसे प्राणाला मुकली. विद्यापीठासाठी रक्त सांडल्याची उदाहरणे फार थोडी असतील. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव मिळाले. ज्या संस्थेसाठी लोकांनी एवढे मोल दिले, तिच्या करारांविषयी विचारणा करण्याचा अधिकार लोकांना आहे, एवढे मी इथे म्हणून ठेवतो.

या विद्यापीठाच्या धंद्याशी झालेल्या देवघेवीची दोन उदाहरणे देतो. दोन्ही आपल्या अकोल्याचीच आहेत.

पहिले बियाण्याचे. १९७६ साली महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे आपले ‘महाबीज’, अकोल्याला निघाले. विद्यापीठाने वाण शोधायचे आणि त्याचे पैदासकार बियाणे द्यायचे. महामंडळाने त्यापासून पायाभूत आणि पुढे प्रमाणित बियाणे तयार करायचे. आणि हे तयार करायचे कोठे, तर कास्तकाराच्याच शेतात, त्याला बीजोत्पादक म्हणून रीतसर मोबदला देऊन. या महामंडळाच्या भागभांडवलात राज्य सरकार आहे, राष्ट्रीय बियाणे महामंडळ आहे, कृषी विद्यापीठे आहेत आणि शेतकरीही भागधारक आहेत. १८९७ च्या बाजारसमितीत ज्याला जागा नव्हती, तो इथे कागदोपत्री का होईना वाटेकरी आहे. बीजोत्पादकाचे कौशल्यही लहान नाही. नर आणि मादी ओळी सांभाळणे, परका परागकण येऊ नये म्हणून अंतर राखणे, वेगळे दिसणारे झाड वेळीच उपटणे, आणि संकरित कापसाच्या शेतात फुलाफुलाला हाताने परागीकरण करणे. हे शेवटचे काम मुख्यतः बायका करतात. वऱ्हाडात नावाजलेले ‘पीकेव्ही हायब्रीड-२’ हे वाण ज्ञानाच्या बाजूने विद्यापीठाचे, पण त्याचे पोतेपोते बियाणे या बायांच्या बोटांतून आलेले.

दुसरे उदाहरण डाळीचे. अकोला हे डाळमिलांचे गाव. मोठ्या मिला व्यापाऱ्यांच्या. कास्तकार तूर विकणार आणि घरच्यासाठी डाळ विकत आणणार, ही रीत. कृषी विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागाने ‘पीकेव्ही मिनी डाळमिल’ तयार केली. खरखरीत एमरीच्या रुळाने तुरीच्या सालावर आधी ओरखडे पडतात, मग तेल-पाण्याचे संस्कार, मग ऊन, मग पुन्हा फेर, आणि साल सुटून डाळ फुटते. जात्यावर आपल्या आया-बहिणी जे करीत होत्या त्याच क्रमाचे हे यंत्ररूप आहे. विद्यापीठाने नकाशे व परवाने देऊन खाजगी कारखान्यांकडून ही यंत्रे बनवून घेतली, आणि शेतकऱ्यांनी, बचत गटांनी ती गावोगाव बसविली. विद्यापीठाला मान, कारखान्याला धंदा, गावाला रोजगार. तीन पाने मांडली गेली आणि तिन्हींवर काही ना काही वाढले गेले. असे करार झाले तर त्यांच्या छायाचित्रांना माझी कधीच हरकत असणार नाही.

मग माझी तक्रार काय? ती सांगण्यासाठी तुम्हाला जिनात नेतो.

आपल्याकडचा रेचा हा दोन रुळांचा. रुळांवर चामड्याच्या चकत्या एकाला एक लावून दाबून बसविलेल्या असत. रूळ फिरतो, रुई त्याला चिकटून ओढली जाते, पोलादी पाते आडवे असते, आणि सरकी पात्यापलीकडे जाऊ न शकल्याने गळून खाली पडते. मॅकार्थी नावाच्या अमेरिकन माणसाने १८४० साली काढलेल्या यंत्राचा हा वंश. पाते रुळावर किती दाबावे, रुळाला खाचा केव्हा पाडाव्या, यावर सगळे अवलंबून. दाब जास्त झाला तर चामडे जळते, कमी झाला तर सरकीला रुई राहते.

मी नवखा असताना आमच्या जिनात एक म्हातारे फिटर होते. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. पंचवीस-तीस रेचे एकाच वेळी धडधडत असताना ते दारातून आत येत, थबकत, आणि नेमक्या बिघडलेल्या रेच्याकडे चालत जात. मी डोळे फाडून पाहत बसे, तेव्हा ते म्हणत, “डोयानं नोको पाहू बावा, कानानं आयक.” रूळ झिजला की त्याचा आवाज कसा बदलतो, हे त्यांनी मला दोन हंगामांत शिकविले. एकदा एका महाविद्यालयातली मुले वह्या घेऊन आली. चाचांनी त्यांना चार दिवस सगळे सांगितले, रूळ उघडून दाखविला, पात्याचा दाब हाताने करून दाखविला. मुलांनी आकृत्या काढल्या, चहा झाला, मुले गेली. त्यांचा प्रबंध झाला असेल, पदव्याही मिळाल्या असतील. चाचांना त्यातला एक कागदही कोणी आणून दाखविला नाही. चाचा सही करू शकत नव्हते. पण आकृती त्यांना नक्कीच कळली असती, आणि चुकली असती तर सांगताही आले असते.

पुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. जिनातली धूळ काय करते हे आम्हाला ठाऊक होते. सुटीनंतर कामावर आले की छाती आवळते, दोन दिवसांनी सवय होते, आणि काही वर्षांनी ती सवय होईनाशी होते. गिरण्यांतही तेच. या रोगाला शास्त्रात बिसिनोसिस म्हणतात. इंग्लंडमध्ये तो कामगारांच्या सोमवारच्या दुखण्यावरून ओळखला गेला, आणि आपल्या नुकसानभरपाईच्या कायद्यातही तो धंद्याचा रोग म्हणून नोंदलेला आहे. शिवाय रुळाचे चामडे क्रोमने कमावलेले. ते झिजते म्हणजे कोठे जाते? थोडे रुईत, थोडे हवेत, आणि हवेतले छातीत.

एके वर्षी एका संस्थेची माणसे आमच्याकडे आली. त्यांनी आमच्या सदऱ्यांना लहान पंप अडकविले, नळीत फुंकर मारायला लावली, आकडे टिपून घेतले. बाया प्रथम लाजल्या, मग मोठ्या उमेदीने पुढे आल्या, की आता कोणीतरी आपले दुखणे लिहून घेते आहे. हंगाम संपला, दुसरा आला. आम्ही विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले की, अहवाल कारखान्याकडे पाठविला आहे. कारखान्यात विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “अहवाल इंग्रजीत आहे. तुम्हाला काय कळणार?” श्रोतेहो, त्या एका वाक्याने मला शब्दकोश विकत घ्यायला लावला. तो अहवाल काही माझ्या हाती लागला नाही. पण त्याच्यापायी दुसरे पुष्कळ वाचून झाले. आमच्याबरोबर त्या नळीत फुंकर मारणाऱ्यांपैकी दोघीजणी पुढे खोकत खोकतच गेल्या. त्यांच्या छातीचे आकडे कोठल्या तरी कपाटात असतील.

हे सांगताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सिरकॉटच्या शास्त्रज्ञांनी क्रोम नसलेला, रबर आणि कापसाचे कापड यांचा रूळ तयार केला. त्यांची जिनिंगच्या प्रशिक्षणाची शाळा १९८५ पासून नागपुरात आहे आणि तिथे जिनातल्या माणसांना शिकविले जाते. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेत पुष्कळ जिनांची यंत्रे सुधारली, कापूस हाताने ओढण्याऐवजी नळांतून जाऊ लागला. म्हणजे विद्या आणि धंदा एकत्र येऊन कामगाराची छाती वाचवू शकतात. प्रश्न एवढाच की, कोणता शोध आधी वापरात येतो? ज्याने उतारा वाढतो तो एका हंगामात येतो. ज्याने धूळ कमी होते त्याला मालक किंमत विचारतो आणि पुढच्या वर्षी पाहू म्हणतो.

जिनाबाहेरही हेच. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बियाण्याची सूत्रे बहुतांशी खाजगी कंपन्यांकडे गेली. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषधात काय आहे, दोन औषधे एकत्र केली तर काय होते, वाऱ्याची दिशा, हातमोजे, उतारा कोणता, हे सगळे ज्ञान जगात उपलब्ध होते. ते कंपनीत होते, विद्यापीठात होते. ज्याच्या पाठीवर पंप होता त्याच्यापर्यंत ते आले नव्हते. दुकानाच्या फळीपाशी विद्या थांबली आणि विष तेवढे पुढे गेले. याहून मोठा पुरावा माझ्यापाशी नाही.

यावर कोणी म्हणेल की, मजुराने प्रयोगशाळेत येऊन काय करायचे? रास्त प्रश्न आहे. माझे उत्तर साधे आहे, आणि ते इतिहासातूनच आले आहे. कास्तकाराला विचारले नाही म्हणून बनीचा प्रयोग फसला. त्याचे गणित धरले म्हणून रोझियम चालले. गिरणी आणि शेत एके ठिकाणी बसली म्हणून व्हेरम आले. ज्याचा हात कामाला लागतो त्याला विचारणे हा उपकार नाही, तो शास्त्राचाच भाग आहे. आवाजावरून झिजलेला रूळ ओळखणारा माणूस हे एक मोजमापाचे साधन आहे. ते वापरून घ्यावे आणि त्याचा मोबदला द्यावा.

तेव्हा आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने, १९८३ साली निघालेल्या आणि आज संत गाडगेबाबांचे नाव मिरविणाऱ्या अमरावतीच्या विद्यापीठाने, आणि त्यांच्याशी करार करणाऱ्या प्रत्येक उद्योगाने तीन गोष्टी कराव्या, अशी माझी मागणी आहे. पहिली, कामगाराच्या शरीराविषयी किंवा कामाविषयी जी पाहणी होईल तिचा सारांश मराठीत लिहून त्याच कारखान्याच्या फाटकावर लावावा. दुसरी, कराराची देखरेख करणारी जी समिती असेल तिच्यात काम करणाऱ्यांचा एक माणूस असावा, आणि शेतीचा प्रश्न असेल तर एक कास्तकार आणि एक शेतमजूर. तिसरी, १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याखाली जी मुले कारखान्यात जातात, त्यांना झाडू आणि पोती उचलायला न लावता खरोखरीच काम शिकवावे, आणि शिकविणाऱ्या जुन्या कारागिराचे नाव त्या मुलाच्या प्रमाणपत्रावर घालावे. यांतल्या कोणत्याही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही.

गाडगेबाबांचे नाव आले म्हणून एक आठवण देतो. ते गावात आले की आधी खराटा हाती घेत, गाव झाडीत, आणि मग कीर्तनाला उभे राहत. बोलण्याआधी काम, आणि कामातूनच बोलणे. ज्या विद्यापीठावर त्यांचे नाव आहे तिथल्या प्राध्यापकाने पुढच्या हंगामात एखाद्या जिनात यावे, रेच्याशी दोन दिवस उभे राहावे, आणि काय आढळले ते संध्याकाळी तिथल्याच मंडळींना बसवून मराठीत सांगावे. आम्ही चहाची व्यवस्था करू. दारात उभे राहून कोणता रेचा बिघडला आहे ते ओळखायलाही त्यांना शिकवू.